म्हातारा खेळतोय तोवर उठायचं नाही

आमच्या घरात मॅच लागली की मला स्वयंपाकघरात बसवतात. ही थट्टा नाही, नियम आहे. लग्नानंतर दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा टीव्ही फक्त शेजारच्या बिऱ्हाडात होता. मॅचच्या दिवशी क्वार्टरांची सगळी लाइन तिथं जमायची. एकदा मी भज्यांची ताटली घेऊन आत गेले आणि विकेट पडली. चहा घेऊन गेले, दुसरी पडली. कपबश्या उचलायला गेले तर तिसरी. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा चेंडू मीच टाकला होता. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "पुढच्या वेळी तू घरीच थांब." मला वाईट वाटलं नाही. क्रिकेटची मला हौस नव्हती आणि तेवढ्या वेळात दोन दिवसांच्या भाज्या निवडून व्हायच्या.

पुढे आमचा टीव्ही आला, मुलगा शिकून नोएडाला नोकरीला लागला, गाझियाबादला सोसायटीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, पुण्याची सून आली. नियम तोच. फ्लॅटमध्ये टीव्ही लावला तोही स्वयंपाकघराच्याच भिंतीला, पलीकडच्या अंगानं. मी दारात स्टूल टाकून बसते. तिथून टीव्ही दिसत नाही, टीव्हीकडे बघणाऱ्यांची तोंडं दिसतात. मी आयुष्यभर मॅच बघितली ती ह्यांच्या तोंडावर.

चौकार गेला की ह्यांची हनुवटी वर जाते. चेंडू बॅटला चुकला की ओठ आत ओढतात. चेंडू हवेत उडाला की डावा डोळा बारीक होतो. विकेट पडली की पायानं खुर्चीखालच्या चपला शोधायला लागतात, जसं आता कुठं निघायचंय. समोरच्या टॉवरमधली केबल आमच्या इंटरनेटच्या टीव्हीपेक्षा पुढं पळते. त्यामुळं तिकडची ओरड आधी येते आणि चेंडू मागून. ती ओरड ऐकली की हे दर वेळी म्हणतात, "गप्प बसा रे, आम्हालाही बघू द्या." खिडक्या लावून घेतल्या तरी ओरड येतेच.

आपल्या टीममध्ये एक जुना बॅट्समन होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, आमच्या घरात त्याला म्हाताराच म्हणायचे. वय काय, तर अडतीस. पेपरवाले, टीव्हीवाले रोज लिहायचे की आता त्यानं पोरांना जागा करून द्यावी, त्याचे पाय चालत नाहीत. हे ते वाचून पेपर आपटायचे. ह्यांनाही पलटणीनं चाळिशीच्या आतच घरी पाठवलं होतं. हवालदार म्हणून निघाले तेव्हा रोज पहाटे धावत होते, एकही दुखणं नव्हतं. कागदावर मुदत संपली म्हणून संपली. नंतर नोएडाला एका कारखान्याच्या गेटवर वर्षानुवर्षं उभं राहून काढली. त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण म्हाताऱ्याला कुणी घरी जा म्हटलं की ह्यांना ते स्वतःला म्हटल्यासारखं लागायचं. हे मला कळत होतं. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण बोलून काय होणार होतं.

गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या हृदयात नळी घातली. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, छातीत दाबल्यासारखं वाटलं की लगेच जिभेखाली ठेवायची आणि इस्पितळ गाठायचं, वाट बघायची नाही. ह्यांनी त्यांना एकच विचारलं, "सर, मैच देख सकते हैं?" डॉक्टर हसले. "देखिए, लेकिन खेल समझकर देखिए।" घरी येताना हे मुलाला सांगत होते, "डॉक्टर म्हणाले, बघा." पुढचं ऐकलंच नव्हतं.

त्यानंतरच्या जानेवारीत टीम ऑस्ट्रेलियात होती. तिकडची मॅच आपल्याकडे सकाळी लागते आणि दुपारी संपते. रविवार होता. म्हाताऱ्याची ही शेवटचीच मालिका, असं सगळे म्हणत होते. ऑस्ट्रेलियानं आधी खेळून मोठा स्कोअर केला होता. आपले तिघं लवकर गेले आणि म्हातारा एका बाजूनं उभा राहिला.

आमच्याकडे तो उभा राहिला की सगळे गोठतात. जो जिथं असेल तिथंच. हे त्यांच्या प्लॅस्टिकच्या हातांच्या खुर्चीत. घरात सोफा आहे, पण कधीतरी त्या खुर्चीत बसलेले असताना म्हाताऱ्यानं शंभर केले होते. समोरच्या फ्लॅटमधले हरियाणाचे भाईसाहब सोफ्याच्या उजव्या टोकाला. ते आमच्याकडे बसले की धावा होतात, म्हणून त्यांना स्वतःच्या घरी मॅच बघायची बंदी आहे. मुलगा चपलांच्या रॅकपाशी एका पायावर भार देऊन उभा, कारण पहिला चौकार गेला तेव्हा तो तिथून जात होता. सून तेवढी कामं करत फिरते. तिच्या फिरण्यानं काही बिघडत नाही असं म्हणतात. ते कुणी ठरवलं, माहीत नाही.

मी दारात बसून मटार सोलत होते. डोळे ह्यांच्याकडे होते, सवयीनं.

समोरच्या टॉवरमधून मोठी ओरड आली. हे काही बोलले नाहीत. मग आमच्या टीव्हीवर चेंडू आला, भाईसाहब मांडीवर थाप मारून म्हणाले, "वाह रे बुड्ढे! फौजी साहब, देखा?" मुलगा जागच्या जागी मूठ हलवत होता. ह्यांची हनुवटी वर गेली नाही.

मला वाटलं आउट असेल. पण चपला शोधत नव्हते. ओठ आत नव्हते, डोळा बारीक नव्हता. डाव्या हाताचा तळवा उजव्या अंगठ्यानं दाबत होते आणि वरच्या ओठावर घाम होता. जानेवारीचा महिना, हीटर लावलेला नाही, अंगावर नुसता हाफ स्वेटर. हे तोंड खेळातलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं.

टीव्हीवरून नजर न काढता त्यांनी मला तळहात दाखवला. थांब.

"छातीत दुखतंय का?"

"आई, आत!" मुलगा म्हणाला. "प्लीज. ही ओव्हर होऊ दे."

"भाभीजी, सेट है वो अभी," भाईसाहब म्हणाले. "आप मत आइए, हाथ जोड़ता हूँ."

मी मटाराचं ताट खाली ठेवलं, बाहेर गेले आणि टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोघं मोठ्यानं ओरडले. "आई, काय करतेस!" "अरे भाभीजी, गजब कर दिया!"

हे ओरडले नाहीत. तेवढं मला पुरलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी मुलाला म्हटलं. "बापाकडे बघ."

त्यानं बघितलं आणि त्याचा रंगच गेला. सून बेडरूमच्या कपाटातून गोळी घेऊन धावत आली. मी ती ह्यांच्या जिभेखाली ठेवली. गोळी कपाटात, म्हणजे पंधरा पावलांवर होती आणि दुखायला लागून बराच वेळ झाला होता, हे नंतर त्यांनीच सांगितलं. पण गोळीसाठी उठावं लागलं असतं. सुनेला सांगितलं असतं तरी मुलगा घाबरून रॅकपासून हलला असता. म्हणून म्हाताऱ्याचे पन्नास होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. पन्नास झाले, तेव्हा म्हटलं, आता अजून थोडं.

"चला, गाडी काढ," मी सुनेला म्हटलं.

"मी उठणार नाही," हे म्हणाले. आवाज पार बारीक. "तो खेळतोय."

भांडायला वेळ नव्हता. "नका उठू," मी म्हटलं. मुलाला सांगितलं, "खुर्चीसकट उचल."

भाईसाहब हात लावायला अर्धे उठले होते. ह्यांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. "आप बैठे रहो. हिलना नहीं." आणि तो माणूस खाली बसला! त्या क्षणी माझ्या हातात लाटणं असतं तर बरं झालं नसतं. शेवटी पुढून मुलगा, मागून सून, असं त्यांना खुर्चीतच लिफ्टपर्यंत नेलं. मी ह्यांची फाइल आणि शाल घेतली. भाईसाहब आमच्या मोकळ्या घरात आमचा टीव्ही बघत बसून राहिले.

लिफ्ट खाली येईपर्यंत सोसायटीत गलका होता. दार उघडलं तेव्हा सगळं शांत. गेटवरचा गार्ड एका हातात मोबाइल धरून दुसरा हात कपाळाला लावून उभा होता. मला कळलं. मुलालाही कळलं. ह्यांचे डोळे मिटलेले होते, ते बरंच झालं. गार्डानं आम्हाला बघून मोबाइल खिशात टाकला आणि खुर्चीला हात लावला. ह्यांना गाडीत घातलं. खुर्ची गेटपाशीच राहिली.

सुनेनं गाडी हाकली. ज्या चौकात एरवी रिक्षा, टेम्पो आणि हॉर्न ह्यांच्यातून मुंगीला वाट मिळत नाही, तिथं कुत्री निवांत उन्हात झोपलेली होती. सगळं शहर मॅच बघत होतं. इस्पितळात गेल्या गेल्या ह्यांना आत नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी एक नळी घालावी लागेल, आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं.

बाहेर लोखंडी बाकावर आम्ही बसलो. सून कागदपत्रांच्या खिडकीपाशी गेली. मुलानं मोबाइल बंद करून ठेवला होता.

"बघायचं तर बघ," मी म्हटलं. "तुझ्या बघण्यानं आत काही व्हायचं नाही."

"नको."

"मग जरा पाणी तरी आण. घसा सुकलाय माझा."

तो खाली मान घालून बसला होता. "आई, बाबांना नळी घालायला नेलं तेव्हा मी इथं बसलो होतो. डॉक्टर बाहेर येईपर्यंत उठत नाही."

एम.टेक. झालेला मुलगा. पाणी मीच आणलं. परत आले तेव्हा लक्षात आलं की मीही माझ्या पहिल्याच जागी बसले, त्याच्या डाव्या बाजूला, जिथं बाकाचा पत्रा वाकलेला होता. बाजूला चांगली जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. नाकात नळ्या, दोन्ही हातांना सुया. मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली. हे माझ्याकडे बघत होते. मी तोंड बघितलं, जसं नेहमी बघते. दुखत नव्हतं.

"जिंकलो?"

"जिंकलो. शेवटच्या पोरांनी काढली."

"म्हातारा?"

खोटं सांगायचं मनात आलं नाही. कधी ना कधी कळणारच होतं. "गेला. तुम्ही लिफ्टमध्ये होता तेव्हा."

त्यांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "पण मी उठलो नव्हतो."

"नव्हता उठला."

"भाईसाहबही उठले नाहीत?"

"तो मेला मॅच संपेपर्यंत बसला होता आपल्या घरात. वर टीव्ही चालू ठेवून गेला."

"मग आउट कसा झाला?" माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बाहेर आलीस."

"आले."

"टीव्हीसमोर."

"हो, टीव्हीसमोर. परत वेळ आली तर परत येईन. म्हाताऱ्याची बायको त्याचं बघेल."

हे हसायला गेले आणि छातीत कळ आली, म्हणून नर्सनं मला बाहेर काढलं.

मालिका संपली तसं म्हाताऱ्यानं खेळ सोडला. त्या सकाळी ह्यांनी पेपर आपटला नाही, घडी घालून ठेवला. "अडतीस म्हणजे काय वय आहे?" म्हणाले.

"तुमचंही तेवढंच होतं," मी म्हटलं.

"हं," म्हणाले आणि चहा मागितला.

मॅच मात्र सुटली नाही. खुर्ची गेटवरून गार्डानं आणून दिली. आता गोळी ह्यांच्या शर्टाच्या खिशात असते, टॉस व्हायच्या आधी मी खिसा चाचपून बघते. भाईसाहब येतात, मला बघून हात जोडतात आणि आपल्या टोकाला बसतात. सून म्हणाली, "आई, आता तुम्ही पण सोफ्यावर बसा ना. झालं ते झालं." हे काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांची हरकत नव्हती. त्यांच्यासाठी हे फार झालं.

मी नाही म्हटलं. सोफ्यावरून टीव्ही दिसतो, ह्यांचं तोंड दिसत नाही.

परवा मॅच होती. कोण नवीन पोरगा खेळत होता, ह्यांना त्याचं काही खास नव्हतं. मी दारात मेथी निवडत होते. मध्येच त्यांची मान माझ्याकडे वळली.

"काय बघतेस गं?"

"मॅच."

"मग, काय होतंय?"

"चाललंय ठीक," मी म्हटलं. "पुढं बघा."