नवऱ्याचा लेखी खुलासा

बायांनो, आज मी जे केलं ते वाचा आणि माझं चुकलं का ते सांगा.

आमचे हे ऑफिसात बडे बाबू. ज्याले-त्याले लेखी खुलासा मागायची सवय. सोमवारी घरच्या कॉम्प्युटरवर लाल पाटी आली, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस! ताबडतोब क्लिक करा." बंद केली की दोन मिनिटांत परत हजर. यांनी सासूबाईंसमोर मले उभं केलं. "तूच काहीतरी दाबलं. खुलासा लिहून दे!"

मी रडत लिहून दिला, सही केली. यांनी तो कागद पंच करून फाइलला लावला!

आज हे ऑफिसात गेल्यावर मी भाचीला फोन लावला. ती सांगत गेली, मी करत गेली. पाटी साफ खोटी होती. फुकट क्रिकेट दाखवणाऱ्या एका साइटला कोणीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिलेली. ती काढली आणि पाटी गायब. हिस्ट्रीत पाहिलं तर ती साइट रविवारी दुपारी उघडलेली. रविवारी मी राळेगावले बहिणीकडे गेलती.

संध्याकाळी सासूबाईंसमोरच यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हटलं, "आता तुमी लिहा."

अर्धा तास लिहून राह्यले होते. वाचते तर काय, "पत्नी विनापरवानगी गैरहजर असल्यामुळे सदर प्रकार घडला."

मी दोन्ही खुलाशांचे फोटो यांच्याच मोबाइलवरून यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. तासभर झाला, हे आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

जेवायले बोलावू, का लेखी अर्ज मागू?