चढणाऱ्याने उतरायचं नसतं

नव्वदच्या दशकाची सुरुवात. अहेरीत आमचं बांगड्यांचं दुकान. त्या दिवशी अब्बांनी पहिल्यांदाच मला एकट्याला सायकलवर माल देऊन जंगलातल्या एका गावी पाठवलं. संध्याकाळी तिथे लग्न होतं आणि नवरीचा हिरवा चुडा माझ्या कॅरिअरवरच्या लाकडी पेटीत. "हिरवी एक जरी फुटली, तरी लोक अपशकुन म्हणतील," असं अब्बा तीनदा बोलले. तीनदा म्हणजे माझ्यावर भरवसा शून्य.

वाट एका सायकलीपुरती. चढावर मी पॅडलवर उभा राहून, जीभ बाहेर काढून चाललो होतो. तेवढ्यात वरून रिकाम्या सायकलवर बांबू तोडणारे एक म्हातारे आले. मला तहजीब फार! वडीलधारं माणूस दिसताच मी टुणकन खाली उतरलो आणि अदबीने म्हणालो, "या भाऊ, तुम्ही आधी."

ते तर माझ्यासाठी केव्हाच उतरून झुडपात शिरले होते. इकडे पेटीच्या वजनाने माझी सायकल पुढचं चाक उचलून घोड्यासारखी उभी झाली. मी हँडलला लोंबकळतोय. पेटीत खळ्ळ् झालं.

म्हाताऱ्यांनी धावत येऊन पेटीला खांदा दिला. "काऊन उतरला बे? इथी चढनारा उतरत नाई. त्याचा दम मोडला का भरली गाडी पुन्हा निंगत नाई. उतरनाऱ्यानं थांबाचं."

"पण तुम्ही मोठे..."

"मोठा मी घरी. चढावर तू मोठा. बस आता!"

बसलो. त्यांनी मागून ढकलत मला थेट माथ्यावर नेऊन सोडलं. आभार मानायला वळलो, तर ते आपल्या सायकलकडे निघालेही होते.

गावात पेटी उघडली. वरच्या साध्या बांगड्यांचा चुरा झाला होता. खाली पेंढ्यात गुंडाळलेला हिरवा चुडा शाबूत. नवरीच्या हातात एकेक चढवली. शेवटची मनगटावर बसली, तेव्हा कुठे मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चढ उतरत होतो. खालून धापा ऐकू आल्या. मी सायकलसकट काट्यांत घुसलो, कमरेपर्यंत. सायकलवर धानाचं पोतं लादलेला एक गडी माझ्या पायाच्या अंगठ्यावरून चाक नेत, न बघता, वर निघून गेला.

अंगठा सुजला. अहेरीपर्यंत मात्र छाती पुढे काढून गेलो.