अकरा जणांची यादी

कागदावर आकडे आले की टेंबे मॅडम आधी त्या आकड्यांना वर दिलेलं नाव अंगठ्याने झाकत. "आता सांग, हे काय मोजलंय?" झाशीतल्या आमच्या कारखान्याच्या कर्मचारी विभागात त्या वरिष्ठ होत्या. मी झाशीजवळच्या समथर गावच्या शाळेतून आलेला, घरातला पहिला पदवीधर. नोकरीला लागल्यावर संख्याशास्त्र मला त्यांनीच शिकवलं, डब्यातली पोळी अर्धी माझ्यापुढे सरकवत.

गेल्या वर्षी बाहेरच्या एका सल्लागाराने कामगारांकडून फॉर्म भरून घेतले. पगार, सुरक्षा, कॅन्टीन, वरिष्ठ. कशाबद्दलही विचारा, एकेकाने पाचपैकी दिलेले गुण सगळीकडे सारखेच जास्त, नाहीतर सारखेच कमी. म्हणजे सगळ्या उत्तरांमागे एकच सर्वसाधारण घटक. सल्लागाराने त्याला 'कार्यनिष्ठा' म्हटलं. निष्ठा कमी म्हणून अकरा जणांची बढती रोखायची यादी निघाली.

मॅडम भडकल्या. "एक घटक आहे, एवढंच गणित सांगतं. तो कशाचा, हे गणिताला काय ठाऊक? त्याला आधी सिद्धांत लागतो, आणि मग तो तपासायची चाड लागते!"

त्या मला घेऊन तडक वेल्डिंग शॉपमध्ये गेल्या. यादीतल्या हरप्रसादला विचारलं, "भैया, फॉर्म कैसे भरा था?"

"नाम लिखवा लिया था मैडम जी, और फोरमैन साहब सिर पे खड़े। सबने पाँच-पाँच टिका दिए। हमने सच लिख दिया। बुद्धू हते हम।"

मॅडमनी आमच्या विभागप्रमुख साहेबांच्या टेबलावर यादी आपटली. "साहब, आपने निष्ठा नहीं, डर नापा है। जो नहीं डरे, वही ये ग्यारह हैं। मैं ग़लत हूँ तो बिना नाम के फ़ॉर्म फिर भरवाइए, पता चल जाएगा।"

"रिपोर्ट ऊपर जा चुकी है। आप तो रिटायर हो रही हैं, आराम कीजिए।"

यादीवर आमच्या विभागाची सही लागणार होती. मॅडमनी ती केली नाही. साहेबांनी यादी माझ्याकडे सरकवली. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी सही केली.

संध्याकाळी त्यांच्या सीपरी बाजारातल्या घरी गेलो. "मॅडम, आकडे तर बरोबर होते," मी पुटपुटलो.

"होतेच. त्यांना दिलेलं नाव खोटं होतं. म्हणून तर खाली तुझं नाव हवं होतं साहेबांना." चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

हिवाळ्यात त्या वारल्या. मला साहेबांचा राग येतो, त्या सल्लागाराचा येतो, आणि रोज सकाळी फाटकापाशी माझा स्वतःचा येतो. तिथे हरप्रसाद हात जोडून म्हणतो, "राम-राम, बाबूजी." सही कोणाची होती, हे त्याने अजून विचारलेलं नाही.