ढालीच्या दिवसाचे पोहे

माझा भाऊ हायस्कूलच्या कबड्डी संघात होता. आमच्या बौद्धवाड्यातला तो एकटाच, बाकी सगळी गावातल्या केळीच्या बागावाल्यांची मुलं. जळगावच्या सामन्यात शेवटच्या चढाईत त्याने तिघांना बाद केलं आणि शाळेला ढाल मिळाली. एस.टी. स्टँडपासून पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मीही मागे मागे गेले. माझी शाळा चौथीतच सुटली होती, पण त्या दिवशी ती शाळा मला माझी वाटली.

मिरवणूक कॅप्टनच्या दारी थांबली. त्याच्या आईने सगळ्यांसाठी पोहे केले होते. पोरं आत शिरली. भाऊ उंबऱ्याशी पोचला तशी ती म्हणाली, "तू भाईरच बस रे पोरा, तुले तठीच आनून देते." पोहे केळीच्या पानावर आले, पाणी वरून ओंजळीत. रोज सरावात त्याच्या कमरेला मिठी मारणारी, पायांना लोंबकळणारी पोरं आत जेवत राहिली. एकही बाहेर आला नाही.

ती ढाल अजून हेडमास्तरांच्या कपाटावर आहे. यंदा भावाचा मुलगा संघात आला. तो कॅप्टन आता शाळेच्या कमिटीत आहे. रस्त्यात भावाला म्हणाला, "पोरगा तुझ्यावरच गेला रे! जिंकू दे, त्यालेही खांद्यावर घेऊ."

भाऊ घरी येऊन मुलाला म्हणाला, "खेळ, मन लावून खेळ. पण जिंकल्यावर कोणाच्या खांद्यावर बसू नको. पायी सरळ घरी ये."