डिकीतला अर्धा नारळ

नोकरीत मी मोठमोठे गुन्हे पाहिले, पण 'साहेब, एखादी केस सांगा' असे कोणी म्हटले की मला अजून ती एका बॅगेची केसच आठवते.

मे महिना होता. मी तेव्हा आलापल्लीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी चारच्या सुमारास पुण्याचे एक निवृत्त जोडपे ठाण्यात आले. चंद्रपूरकडच्या जंगल रिसॉर्टमधला मुक्काम संपवून ते त्याच मालकाच्या आमच्याकडच्या रिसॉर्टवर आले होते. पहाटेची सफारी केली, नाश्ता करून दहाला निघाले. इथे सामान उतरवले तर एक बॅग कमी. आत कॅमेरा, दुर्बीण आणि बाईंच्या सोन्याच्या पाटल्या. सफारीत धूळ, धक्के, म्हणून काढून ठेवल्या होत्या.

"वाटेत कुठे थांबलात?"

"गोंडपिपरीला चहाला. पण तेव्हा डिकी उघडलीच नाही," काका म्हणाले. "पुढे आम्हाला झोप लागली. आता तुम्हीच सांगा, ड्रायव्हरशिवाय दुसरं कोण घेणार?"

ड्रायव्हर दाराशी उभा होता. पोंभुर्णा तालुक्यातला, पंचेचाळिशीचा, अकरा वर्षे त्याच मालकाकडे. "मले मारा जी, पन चोर नका म्हनू," एवढेच तो म्हणाला.

तक्रार घेतली. दोन पंच बोलावून गाडीचा पंचनामा सुरू केला. हवालदार लिहिता लिहिता थांबला.

"साहेब, डिकीत याच्या पिशवीत अर्धा नारळ हाय. हे बी लिहाचं?"

"सगळं लिहायचं."

"पोहे खाल्ल्याचा डबा बी?"

"डबा पण."

हवालदार पुटपुटला, "उद्या चटनी बी जप्त करू." पण लिहिले त्याने.

तेवढ्यात खबर आली. वनविभागाच्या नाक्यावरचा एक जण फोनवर म्हणाला, "साहेब, ती गाडी पहिल्या नाक्याहून निघाली अन् दुसऱ्यावर अर्धा तास उशिरा पोचली. रजिस्टरात वेळा हायेत." मधला सगळा पट्टा जंगलाचा. अर्ध्या तासात बॅग कोणाच्याही हाती देता येते.

मी ड्रायव्हरला समोर बसवले. "मध्ये कुठे थांबलास?"

"कुठीच नाई, साहेब."

"मग अर्धा तास?"

"पंक्चर झाली होती."

स्टेपनीवर वर्षभराची धूळ होती, जॅकला तर हातही लागलेला नव्हता. हे मी त्याला दाखवले. हवालदार कानाशी आला. "दोन लावा साहेब, पोपटासारखा बोलंल." वरूनही फोन झाला होता, पाहुण्यांची ओळख मोठी होती. खरे सांगतो, तोच चोर हे माझेही जवळपास ठरले होते. पण हात उचलायचा नाही हा माझा नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा नेम. गाडी ठाण्यात ठेवून घेतली, त्याला 'सकाळी आठला ये' म्हणून बजावून सोडले.

सकाळी सातला आलो तर तो फाटकाशी बसलेला. चोर वेळेच्या आधी येत नाही, हे मी नोकरीत पाहिले आहे.

चहा घेता घेता पंचनामा पुन्हा वाचला. 'एक अर्धा नारळ, ओला.' ओला म्हणजे त्याच दिवशी फोडलेला. आमचे घर बौद्ध, आजोबांच्या काळापासून घरात देव्हारा नाही, नवस नाही. पण गाव तर तेच. नारळ फुटला की अर्धा देवाला आणि अर्धा घरी, हे मला कोणी शिकवायला नको. त्या दोन नाक्यांमध्ये मोहाच्या झाडाखाली एक देव आहे. शेंदूर लावलेला दगड, मातीचे घोडे आणि बाजूला ओटा.

त्याला आत बोलावले. "भाऊ, नवस कशाचा होता?"

त्याचा चेहरा एकदम पडला. डोळे पुसत तो म्हणाला, "पोरगी बारावी पास झाली, साहेब. आमच्या घरात पयली."

"मग काऊन खोटं बोललास?"

"पाहुणे घेऊन जंगलात थांबाची मनाई हाय जी. थांबलो म्हनलं तर रिसॉर्टवाले नाव कापतेत."

"नारळ कुठे होता?"

"डिकीत, सामानाखाली. बॅगा बाहेर काढल्या, तवा..." तो ताडकन उठून उभा राहिला. पाहुण्यांची लहान बॅग खाली मातीत कशी ठेवायची, म्हणून त्याने ती ओट्यावर ठेवली होती. बाकीच्या परत भरल्या, ती राहिली. आणि थांबल्याचे लपवायच्या धास्तीत तो ओटा त्याच्या डोक्यातूनच गेला होता.

पंच, पाहुणे आणि त्याला घेऊन मी लगेच निघालो. आदला दिवस आठवडी बाजाराचा, त्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. शेकडो माणसे त्या वाटेने गेली असणार.

बॅग ओट्यावर होती. वर पळसाची पाने झाकलेली, पानांवर दगड. शेजारी एक म्हातारी तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती.

"बाई, ही पानं कोणी झाकली?"

"म्याच. ऊन लागत होतं न तिले."

"कोणी नेली नाही?"

ती माझ्याकडे बघून हसली. "देवापाशी ठेवली होती न जी. कोन नेईन? ज्याची हाय तो येईन म्हनलं. लय उशीर केला तुमी."

पंचांसमोर बॅग उघडली. सगळे जागच्या जागी होते. पुण्याच्या बाई ड्रायव्हरपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "माफ करा, भाऊ."

तो शांतपणे म्हणाला, "पाटल्या मोजून घ्या, बाई."

बाईंनी मोजल्या नाहीत, मान खाली घालून तशाच हातात चढवल्या. रिसॉर्टच्या मॅनेजरला काकांनीच फोन लावला. परतीलाही हाच ड्रायव्हर हवा, नाही तर गाडीच नको.

खोटे बोलणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. तो कशाला भितो, ते आधी शोधावे. माझ्या घरात पहिल्यांदा कॉलेज पास झालेला मी, पण हा धडा मला कॉलेजात मिळाला नाही. आमच्या जिल्ह्यांचे नाव बाहेर कशासाठी घेतात, ते मला ठाऊक आहे. तेव्हा मी ही बॅगेची केस सांगतो.

ठाण्यात परतल्यावर हवालदाराने गाडी आणि पिशवी सही घेऊन परत केली. ड्रायव्हरने नारळ काढला, ठाण्याच्या पायरीवर त्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले, हवालदारालाही. माझ्यापाशी येऊन तो अडखळला. "साहेब, तुमी तर देवाचं घेत नसान."

"देवाचं राहू दे," मी हात पुढे केला. "पोरीच्या बारावीचं दे."

खोबरे जरा उतरले होते. मी दोन तुकडे खाल्ले.