कागदावरची थोरली

आमच्या नेरमध्ये शाळेत नवी बाई आली की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" आणि दुसरा, "मिस्टर काय करतात?" वयाला कोणी हात लावत नाही. कोरियातल्या त्या शहरात मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले, त्याच संध्याकाळी सगळे शिक्षक मला जेवायला घेऊन गेले. मी नीट टेकायच्या आधीच शेजारच्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "तुमचं जन्मसाल?"

मी चाटच पडले. म्हटलं, ही काय पद्धत! तरी पासपोर्टवरचं साल सांगून टाकलं. ती माझ्याहून एका वर्षानं धाकटी निघाली. लगेच ताठ बसली, दोन्ही हातांनी बाटली धरून माझ्या पेल्यात सरबत ओतलं आणि मला 'ऑन्नी' म्हणाली. ऑन्नी म्हणजे थोरली बहीण. मी पहिला घास घेईपर्यंत तिनं चमच्याला हात लावला नाही.

त्या शहरात माझं दुसरं कोणीच नव्हतं. तीच मला बाजारात न्यायची, दवाखान्यात न्यायची, हातातली पिशवी ओढून घ्यायची. स्वतःचं मात्र कधी काही सांगायची नाही. थोरलीपुढे फार बोलत नाहीत म्हणे.

मग एका रविवारी ती मला सार्वजनिक न्हाणीघरात घेऊन गेली. आत पाऊल टाकलं आणि माझे डोळेच पांढरे झाले. म्हाताऱ्या, तरण्या, एकीच्याही अंगावर चिंधी नाही, आणि गप्पा अशा, जणू बस स्टँडवर बसल्यात! पळायची सोय नव्हती, कपडे कुलपात गेले होते. मी डोळे मिटून गरम पाण्यात बसले. नंतर ती माझी पाठ घासायला लागली. तिच्या हिशेबानं ते धाकटीचं काम. आता लाज कसली उरलीय, असं वाटून मी हसत हसत बोलून गेले, "अगं, ते साल खरं नाही. आई कापूस वेचायला जायची, मला सांभाळायला कोणी नव्हतं. गुरुजींनी दोन वर्षं वाढवून शाळेत घेतलं. आमच्या अर्ध्या वर्गाची जन्मतारीख एकच आहे. खरं तर तूच मोठी."

मला वाटलं, हसेल. तिचा हात थांबला. "वय खोटं?" एवढंच म्हणाली. परतताना बसमध्ये ती माझ्यापासून लांब बसली.

त्यानंतर ती बोलेचना. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसायची. फोनवर आईला सांगितलं तर ती भडकली. "काहून सांगतलं वं तिले? गुरुजीनं लिवलं तेच खरं! आता ते बोलत नाही त काहून रडून राह्यली?" मी चिडून फोन ठेवला. सामान बांधून नेरला परत जावं, असं पहिल्यांदाच वाटलं.

थंडी पडली होती. एका सकाळी मी शाळेच्या फाटकातून आत शिरले, तर ती समोरून तरातरा आली आणि मुलांसमोर, मुख्याध्यापकांसमोर माझ्यावर ओरडली. ओले केस घेऊन या थंडीत बाहेर पडतात का? टोपी कुठंय? आजारी पडलीस तर कोण बघणार? स्वतःचा मफलर काढून तिनं माझ्या डोक्याला करकचून गुंडाळला.

मी मान खाली घालून ऐकत राहिले. त्या शहरात आल्यापासून मला पहिल्यांदाच कोणीतरी थोरल्या बहिणीसारखं रागावलं होतं.