सुधीरची जुनी, पाटीलशेठची नवी

दुचाकीवाल्यांचं एक बरं असतं. दोन तास गाडी चालवली की पुढे दोन वर्षं सांगायला पुरते. आमचे किस्से तर असे साठत गेलेत की लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा म्हणतो, "ती फेरीबोटीची गोष्ट सांगा ना." आणि पाटीलशेठ दर वेळी सांगताना त्यात एक माणूस वाढवतात. परवाच्या खेपेला बोटीवर पोलीसही आले होते. म्हणून म्हटलं, एकदा जसं घडलं तसं सांगून टाकावं.

आमचा ग्रुप म्हणजे तिघंच. अलिबागला सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेला सुधीर, पेणकडचे पाटीलशेठ आणि मी, दिलीप. पाटीलशेठच्या वडिलांची मिठागरं होती, यांचे ट्रक आहेत. माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि माझ्याकडे स्कूटर आहे. ॲडव्हेंचर बाइकवाल्यांत स्कूटर कशी, असं नवीन माणूस हमखास विचारतो. सुधीर त्याला शांतपणे सांगतो, "सामान ठेवायला कोणीतरी लागतं."

सुधीरची ॲडव्हेंचर बाइक दहा वर्षांची. त्याच गाडीचं नवं मॉडेल पाटीलशेठनी दिवाळीत घेतलं. सुधीरने ते एकदा चालवून बघितलं आणि घरी न विचारता गुढीपाडव्यासाठी बुक करून आला. त्याची बायको, आमच्या माधवी वहिनी, शाळेत शिकवतात, त्यामुळे आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, "खाली पार्किंगमध्ये आपली जागा एक. नवी येईल त्या दिवशी जुनी जाईल."

हे सुधीरच्या डोक्यातच आलं नव्हतं. जुनी विकायची म्हटल्यावर त्याचं जेवण कमी झालं. बुकिंग होळीपर्यंत रद्द करता येत होतं. तेव्हा ठरलं, की तोवर दर रविवारी दोन्ही गाड्यांची तुलना करायची, आणि जी जिंकेल ती ठेवायची. निकाल मी द्यायचा, कारण मला दोन्हीतलं काही कळत नाही.

*

पहिली परीक्षा काशीदला. सुरूच्या बनातून वाळूची एक वाट जाते, त्या वाटेने दोघांनी पलीकडे यायचं. मी डांबरी रस्त्याने जाऊन शहाळंवाल्यापाशी उभा राहिलो.

सुधीर निघाला. पाटीलशेठ म्हणाले, "थांब रं, मोड लावतंव." नव्या गाडीला वाळूचा वेगळा मोड आहे. तो लावला की स्क्रीनवर सूचना येते, की मागचं एबीएस बंद होईल, तुम्हाला मान्य आहे का? हातमोज्याने बटण दाबलं जाईना. हातमोजा काढला, तर अक्षर बारीक. चष्मा डिकीत, म्हणजे माझ्या स्कूटरच्या डिकीत.

तोवर सुधीर तीस फूट गेला आणि वाळूत आडवा झाला. गाडी पायावर. तो तिथूनच हाका मारायला लागला, "शेठ, उचला."

पाटीलशेठनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. "आलो, आलो. आदी मान्य करतंव."

शेवटी शहाळंवाल्यानेच जाऊन गाडी उचलली. मी निकाल दिला, की जुनी पडली आणि नवी निघालीच नाही, म्हणून बरोबरी.

*

दुसरी परीक्षा रस्ता शोधायची. सुधीरच्या कचेरीतला शिपाई हरी, मुरूडच्या आतल्या बाजूला त्याचं गाव. त्याने जेवायला बोलावलं होतं. पाटीलशेठनी स्क्रीनवर नकाशा लावला. जुन्या गाडीला स्क्रीन नाही, तेव्हा सुधीरने विचारत विचारत यायचं. मी सुधीरच्या मागे.

गावाच्या तोंडाशीच एक आजी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. सुधीरने विचारलं, "हरीचं घर कुठे हो?"

"कंचा हरी?"

"अलिबागला कचेरीत आहे तो."

"तू त्याचा कोन?"

आता आमच्याकडे हे असंच असतं. तुम्ही कोण, कुठले, आडनाव काय, मामाचं गाव कोणतं, हे सगळं झाल्याशिवाय रस्ता सांगत नाहीत. सुधीरने सांगितलं. त्याच्या मावशीचं सासर आजींच्या ओळखीचं निघालं. मग पाणी आलं, कोकम सरबत आलं, मावशीच्या गुडघ्यांची चौकशी झाली. पाऊण तास गेला. सुधीरने घाबरत पुन्हा विचारलं, "आजी, हरीचं घर?"

"ह्येच. माजाच पोर हाय त्यो. अंघोल करतोय, येल आता."

तेवढ्यात पाटीलशेठचा फोन आला. "मी पोचलंव. आपन पोचलात असा बोलतं ती नकाशातली बाई. पन घर नाय दिसत."

"मग काय दिसतंय?" मी विचारलं.

"पानी."

नकाशाने त्यांना खाडीच्या कडेला नेऊन सोडलं होतं. त्या दिवशी जुनी जिंकली आणि सुधीर तीन भाकऱ्या जेवला.

*

आता फेरीबोट. आगरदांड्याहून पलीकडे दिघीला जायचं होतं. तुलना न्याय्य व्हावी म्हणून धक्क्याशी पोचल्यावर दोघांनी गाड्या बदलल्या. नवी सुधीरकडे, जुनी पाटीलशेठकडे.

नव्या गाडीला चावी लावायची नसते. चावी खिशात ठेवायची, गाडी जवळून ओळखते आणि बटण दाबलं की सुरू होते. धक्क्यावर सुधीरने बटण दाबलं, शेजारी पाटीलशेठ उभे, गाडी सुरू झाली. सुधीर बोटीवर चढला. त्याच्या मागे मी. बोटीवर इंजिन बंद ठेवायचं असतं, म्हणून त्याने शिस्तीत बंद केलं.

मागे पाटीलशेठची जुनी उतारावरच बंद पडली. तिला सुरू करायची एक रीत आहे. चोक अर्धा ओढायचा, सेल्फ दोनदा मारायचा, पाच आकडे मोजायचे, मग तिसऱ्यांदा. ही रीत सुधीरने आजवर कोणाला सांगितली नव्हती. बोटवाल्याने दोन मिनिटं वाट बघितली आणि बोट सोडली.

खाडीच्या मध्यावर सुधीरच्या चेहऱ्याचा रंग बदलला. त्याने फोन लावला. "शेठ, चावी?"

"माज्या खिशान हाय."

"अहो, पण गाडी माझ्याकडे आहे."

"ती मना दिसतं. तुजी ही का चालू व्हत नाय, ती सांग."

एका काठावर चावी आणि न चालणारी गाडी, दुसऱ्या काठावर बिनचावीची न चालणारी गाडी, आणि मधे मोबाइलवर हेडक्लार्क ओरडतोय, "चोक अर्धा! अर्धा!" बोटीवरचे सगळे वळून बघत होते. मी अनोळखी असल्यासारखा समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो.

दिघीला नवी ढकलत उतरवायला चार माणसं लागली. त्यांत एक इक्बालभाई होते. धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, पन्नाशीचे, बोलणं कमी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "साहेब, हिला चावी कुठे लावतात?"

सुधीर म्हणाला, "खिशात."

"मग खिसा आणायला पाहिजे होता."

मी निकाल दिला, की दोन्ही नापास, स्कूटर पास. तो ग्रुपने मान्य केला नाही.

*

मग मागच्या सीटची परीक्षा. त्यासाठी वहिनींना विनंती करावी लागली. नव्या गाडीवर सुधीरच्या मागे बसून त्या अलिबाग ते मुरूड आल्या. सीट रुंद, धक्के नाहीत, आवाज नाही. उतरल्यावर सुधीरने मोठ्या आशेने विचारलं, "कशी वाटली?"

"गाडी छान आहे," वहिनी म्हणाल्या. "पण हिच्यावर तुम्ही काय बोलता ते सगळं ऐकू येतं. जुनीच बरी."

सुधीरला त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. जुनी दोन गुणांनी पुढे होती. बुकिंग रद्द करायला मंगळवारी जातो, असं त्याने मुरूडच्या हॉटेलात जाहीर केलं आणि परत येताना वहिनींना आनंदाने जुनीवर बसवलं. नवी पाटीलशेठकडे गेली.

काशीदच्या आधी एक उतार आहे, तिथून एकदम समुद्र दिसतो. पुढच्या पर्यटकाला तो दिसला आणि त्याने फोटो काढायला रस्त्याच्या मधोमध कार उभी केली. सुधीरने ब्रेक मारला. जुनीला एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारा ब्रेक, नाही. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी घसरत गेली आणि दोघं रस्त्यावर पडले. मी मागून बघत होतो. पाटीलशेठ शेजारून तेवढ्याच वेगात येत होते, ते सरळ रेषेत थांबले.

वहिनींचं कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. पर्यटक सॉरी सॉरी म्हणत होता. एरवी पाटीलशेठनी नव्या गाडीच्या ब्रेकवर अर्धा तास भाषण दिलं असतं. आज ते वहिनींना पाणी देत होते.

सुधीरने गाडी उचलली, हँडल सरळ केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दिल्या, नवी पक्की." त्यानंतर अलिबागपर्यंत त्याने गाडी चाळीसच्या वर नेली नाही.

*

आता विक्री. पाडव्याला पंधरा दिवस होते. गिऱ्हाईकं आली पण टिकेनात. मला शंका आली, म्हणून पुढच्या वेळी मी जाऊन बसलो. एक मुलगा गाडी बघायला आला होता. सुधीर त्याला सांगत होता, "क्लच जड आहे. थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. पेट्रोलचा काटा खोटं बोलतो." मुलगा चहा न घेता गेला.

मी म्हटलं, "अरे, विकायला बसलायस की तक्रार नोंदवायला?"

"फसवून विकू?" सुधीर म्हणाला. त्याच्या या प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक वाटलं, कारण कचेरीत कधी दिसला नव्हता.

मग मीच दिघीला इक्बालभाईंना फोन केला. ते पुढच्या बोटीने आले. सुधीरने सुरुवात केली, "क्लच जड आहे."

"बरं."

"न्यूट्रल सापडत नाही. काटा चुकीचा आहे."

"बरं."

"सायलेन्सरने उजवा पाय भाजतो. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतं. पावसात हॉर्न वाजत नाही." सुधीर आठवून आठवून सांगत होता. "आणि ब्रेक. ब्रेक मारला की घसरते. मागे बायको बसली असेल तर बघा."

"घरातली रिक्षाने जाते," इक्बालभाई म्हणाले आणि गाडीपाशी बसले. चोकला हात लावून बघितला, टाकीला कान लावला, एकदा सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. पहिल्या फटक्यात.

सुधीर म्हणाला, "माझ्याकडे कधी अशी झाली नाही," आणि पाणी प्यायला वर निघून गेला. कागदांवर सही करायला वहिनींना त्याला हाताला धरून खाली आणावं लागलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो फाटकात उभा होता. मलाही वाईट वाटलं, आणि मी तर त्या गाडीवर कधी बसलोही नव्हतो.

पाडव्याला नवी आली. हार, नारळ, पेढे झाले. रविवारी पहिली राइड. पाटीलशेठनी विचारलं, "कुटं जायचा?" सुधीर म्हणाला, "दिघी." जुनीचं सर्व्हिस बुक द्यायचं राहिलं होतं म्हणे. पुढच्या रविवारी एक जास्तीची ट्यूब द्यायची राहिली होती. त्याच्या पुढच्या रविवारी पावसाळी कव्हर.

चौथ्या रविवारी द्यायला काही उरलं नव्हतं, तरी आम्ही दिघीलाच गेलो. धक्क्यावर सुधीरची नवी कोरी गाडी उन्हात उभी होती, आणि तिच्या सीटखालचे पाने घेऊन सुधीर सावलीत जुनीपाशी उकिडवा बसून चेन आवळत होता. माधवी वहिनी इक्बालभाईंच्या घरी आत बसल्या होत्या. त्यांनी येतानाच मासे आणायची पिशवी आणली होती.

इक्बालभाईंनी माझ्या हातात चहा दिला. मग सुधीरकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब माणूस खरा आहे. गाडीचे सात दोष सांगितले, मी मोजले होते. हा आठवा नव्हता सांगितला."